विज्ञानशिक्षकांचे शिक्षण : उपग्रहापासून इंटरनेटपर्यंत



१८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि पुढे महाराष्ट्रात गावोगाव तिचे अनुकरण झाले. अशा मालेत इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. एखादी लढाई, एखादा तह, एखादे राजघराणे. आम्ही मात्र आज इंटरनेटसारख्या कालपरवाच्या गोष्टीचा इतिहास सांगायला उभे आहोत, आणि तोही सगळा नव्हे. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना शिकवण्यासाठी आपल्या देशाने दूरवरून बोलणाऱ्या यंत्रांचा उपयोग कसकसा केला, एवढाच आमचा विषय. तो लहान दिसेल. परंतु आपले मूल किंवा नातवंड ज्या वर्गात बसते, त्या वर्गातल्या बाई किंवा गुरुजी स्वतः विज्ञान कोठून शिकले, हा प्रश्न काही लहान नाही.

आरंभी एक साधा प्रयोग सांगतो. पुढे तो आपल्याला मापासारखा उपयोगी पडेल. बशीत पाणी घ्यावे, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करावी आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावा. थोड्याच वेळात ज्योत विझते आणि पाणी पेल्यात वर चढते. आम्ही शाळेत असताना आमच्या गुरुजींनी हा प्रयोग खडूने फळ्यावर काढून दाखवला होता. हवेत सुमारे एकपंचमांश प्राणवायू असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, असे वाक्य आम्ही वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेत त्याचे पूर्ण गुणही मिळवले. पुष्कळ वर्षांनी एकदा घरी हौसेने करून पाहिले, तेव्हा निराळाच प्रकार दिसला. ज्योत जळत होती तोवर पाणी फारसे हलेना. ती विझल्यावर मात्र ते झपाट्याने चढले. एका मेणबत्तीच्या जागी तीन लावल्या, तर ते आणखी वर गेले. पेला तोच, हवा तेवढीच, प्राणवायू तेवढाच. मग पाणी जास्त का चढावे? कारण असे की, ज्योतीने हवा तापते, फुगते आणि तिचा काही भाग पेला टेकवतानाच बाहेर निसटतो. ज्योत विझून आतली हवा थंड झाली की ती आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. पाणी चढण्याचे मुख्य कारण हे. प्राणवायू खर्ची पडतो खरा, पण त्याच्या बदली कर्बवायूही तयार होतो.

आमच्या गुरुजींचा यात दोष नव्हता. त्यांनाही कोणी तरी असेच फळ्यावर शिकवले असणार. पण त्या दिवशी एखाद्या मुलाने उठून, 'गुरुजी, तीन मेणबत्त्या लावल्या तर काय होईल?' असे विचारले असते, तर त्यांनी कोणाकडे जावे? विज्ञानशिक्षकाच्या शिक्षणाचा खरा प्रश्न हा आहे. उत्तरे पुस्तकांत भरपूर असतात. हाताने करून पाहणे आणि अडल्यावर विचारायला कोणी असणे, या दोन गोष्टींची वाण असते.

ही वाण देशव्यापी झाली ती १९६० नंतर. १९६४ ते १९६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. शिफारस शहाणपणाची होती. परंतु तिचा अर्थ असा झाला की, ज्यांनी स्वतः कधी परीक्षानळी हातात धरली नव्हती अशा लक्षावधी शिक्षकांनी विज्ञान शिकवायला उभे राहायचे. एवढ्यांना शिकवायला तज्ज्ञ कोठून आणणार? तेव्हा धोरणकर्त्यांची दृष्टी आकाशाकडे वळली.

विक्रम साराभाई यांचे एक आवडते म्हणणे होते. ज्या खेड्यापर्यंत रस्ता पोहोचलेला नाही तेथे उपग्रहाची चित्रे प्रथम पोहोचली पाहिजेत. १९६९ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेशी करार झाला. १९७१ च्या डिसेंबरात साराभाई निवर्तले, पण काम थांबले नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा 'ए.टी.एस.-६' हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून आपल्या खेड्यांवर चित्रे पाठवीत होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवले होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी उभी करून ती आकाशाकडे रोखलेली असे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राची धुरा त्या वेळी यशपाल यांच्याकडे होती. 'साइट' या नावाने तो प्रयोग जगभर गाजला.

त्याची एक बाजू मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. या एका वर्षात दोन वेळा, प्रत्येकी बारा दिवस, प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे शिक्षण उपग्रहावरून देण्यात आले, आणि त्याचा लाभ जवळजवळ ५०,००० शिक्षकांना मिळाला. अशा संख्येचे प्रशिक्षण नेहमीच्या रीतीने करायचे तर किती वर्षे लागली असती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. ज्यांनी ही योजना आखली ते केवळ चित्रांवर विसंबून राहिले नव्हते, ही त्यांच्या शहाणपणाची खूण. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दूरचित्रवाणीच्या पाठाला जोडून रेडिओचा पाठ, छापील मार्गदर्शिका, हाताने करण्याच्या कृती आणि चर्चा घडवून आणणारा एक तयार केलेला मार्गदर्शक, असा सगळा संच दिला होता.

उणीव होती ती एकच. आवाज आकाशातून खाली येत असे. खालचा आवाज वर जात नसे. तीन मेणबत्त्यांचा प्रश्न एखाद्या शिक्षकाच्या मनात आलाच, तर तो गावातल्या मार्गदर्शकापाशी येऊन थांबायचा. आणि वर्ष संपल्यावर उपग्रह ज्यांचा होता त्यांनी तो आपल्या कामासाठी परत हलवला. काही भागांत जमिनीवरच्या प्रक्षेपण केंद्रांनी पुढे कार्यक्रम चालू ठेवले. इतरत्र पडदे काळे झाले. हत्तीवरून साखर वाटली, पण पुढच्या वर्षी हत्तीच नव्हता!

आता याच काळात, याच देशात, तारेवाचून आणि उपग्रहावाचून चाललेली दुसरी एक खटपट पाहू. मध्य प्रदेशातला होशंगाबाद जिल्हा, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, तेथे १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' सुरू झाला. रसुलियाचे मित्रमंडळ केंद्र आणि 'किशोर भारती' या दोन संस्थांनी तो हाती घेतला. त्यांच्या मदतीला दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आले, तसे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही आले. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला, आणि १९८२ पासून 'एकलव्य' या संस्थेने तो सांभाळला.

या कार्यक्रमाची रीत अगदी साधी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे शिक्षक एकत्र जमत. मुलांनी जे प्रयोग करायचे, तेच प्रयोग शिक्षक चार-चारांच्या टोळ्यांनी बसून करीत. व्याख्यान कमी, वादविवाद फार. वर्ष सुरू झाले की शिक्षकांच्या मासिक बैठका भरत. प्रयोग फसला, मुलाने अडचणीत टाकले, पुस्तकातले वाक्य पटत नाही, असे जे काही असेल ते तेथे मांडायचे. परीक्षाही अशी की, पुस्तक उघडे ठेवून लिहायची आणि प्रयोग करून दाखवायचा. मुलांच्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक गृहस्थ निर्माण केलेले होते. त्यांच्या नावाने मुले पोस्टकार्डे टाकीत आणि सवालीरामाकडून प्रत्येकाला उत्तर जाई. श्रोतेहो, आज ज्याला आपण जाळे म्हणतो ते याहून निराळे काय असते? एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे, तिसऱ्याने दुरुस्त करावे, आणि हे सगळे टपालखात्याच्या थैलीतून!

पुण्याच्या टेल्को कारखान्यातले एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन याच कार्यक्रमात गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या एवढ्या सामग्रीतून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन यांच्या आकृती उभ्या केल्या. त्यांचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

महाराष्ट्रातही अशा दिशेने प्रयत्न झाले. १९७४ साली टाटा संस्थेच्या आश्रयाने मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यास गेले आणि आसपासच्या ग्रामीण शाळांतून विज्ञान कोठे अडते हे शिक्षकांसमवेत पाहू लागले. शहरातल्या तज्ज्ञाने खेड्यात जाऊन शिकवण्याबरोबर शिकावेही लागते, हा धडा त्यातून मिळाला.

तेव्हा १९७५ च्या सुमारास आपल्यापुढे दोन वाटा होत्या. एकीची पोच पन्नास हजार शिक्षकांपर्यंत, पण ती एकेरी. दुसरी दुहेरी, पण तिची पोच एका जिल्ह्यापुरती. दोहोंची सांगड कशी घालावी, हा पुढच्या पंचवीस वर्षांचा प्रश्न होता. १९९६ साली कर्नाटकात प्राथमिक शिक्षकांसाठी जे प्रशिक्षण झाले त्यात चित्र उपग्रहावरून खाली येई आणि शिक्षक टेलिफोनवरून तज्ज्ञांना प्रश्न विचारीत. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. तो २०१० पर्यंत कामात होता. वाट थोडी दुहेरी झाली. पण शेकडो केंद्रे एका तज्ज्ञाला एका वेळी विचारू लागली, तर पाळी कितीजणांची येणार?

हे कोडे सोडवू शकेल असे साधन एव्हाना निर्माण झाले होते. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय.आय.टी. यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून संगणकी पत्रे जाऊ-येऊ लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठी खुले केले. ज्या तारेवरून उत्तर येते तिच्यावरूनच प्रश्नही जातो, आणि शिक्षकाला शिक्षकाशी बोलता येते, असे हे साधन. सवालीरामाच्या पोस्टकार्डाला पंख फुटले म्हणावे, तर तसे.

परंतु इतिहास सरळ रेषेत चालत नाही. २००२ च्या जुलैत मध्य प्रदेश शासनाने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तेव्हा तो पंधरा जिल्ह्यांतल्या हजाराच्या आसपास शाळांत चालू होता. तेथे राज्यातली इतर पाठ्यपुस्तके लागू झाली. कार्यक्रमाला दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही; त्याच्या मूल्यमापनाविषयी मतभेद होते आणि ते असणे स्वाभाविकच. आम्हांला बोचते ते हे की, तीस वर्षे शिक्षक ज्या बैठकांतून एकमेकांशी बोलायला शिकले होते त्या मोडल्या, आणि नेमक्या त्याच सुमारास शाळाशाळांतून बोलण्याची तार येऊ घातली होती. तार आली तेव्हा संभाषणाची सवय गेलेली होती.

सवय गेली, पण बी नाहीसे झाले नाही. अरविंद गुप्ता २००३ पासून पुण्याच्या आयुका संस्थेत काम करू लागले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तेथे 'पुलस्त्य' नावाची वास्तू उभी राहिली आणि तिच्यात मुक्तांगण विज्ञान शोधिका नांदू लागली. टाकाऊ वस्तूंतून करावयाच्या खेळण्यांच्या लहानलहान चित्रफिती काढून त्यांनी त्या इंटरनेटवर अनेक भाषांत, मोफत, सर्वांसाठी ठेवल्या. पुस्तकेही ठेवली. येथे एक अडचण सांगितली पाहिजे. त्या काळी मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवला की पुष्कळदा अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत, कारण प्रत्येक टंकाची रीत निराळी होती. पुढे युनिकोड रूढ झाल्यावर हा घोळ मिटला. पानांची छायाचित्रेच चढवली की या अडचणीचा मागमूस राहत नसे, आणि पुष्कळ जुनी पुस्तके अशी वाचकांच्या हाती आली. चित्रफितीत तर काडी आणि नळी बोलत असे. तिला टंक लागत नाही. अशी चित्रफीत पाहून स्वस्थ बसवत नाही, हात शिवशिवतात, हा तिचा मोठा गुण होय. होशंगाबादचा वारसा मराठीत 'शैक्षणिक संदर्भ' या द्वैमासिकानेही चालवला.

दुसरा प्रयत्न मुंबईचाच. जुहूचे ते केंद्र २००३ साली प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, विलीन झाले. याच सी-डॅकने अमृता विद्यापीठाबरोबर नववी ते बारावीच्या प्रयोगांची संगणकी प्रयोगशाळा रचली, आणि ती वापरण्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. ज्या शाळेत आम्लाची बाटलीही नाही तेथे हिचा आधार मोठा. पण आपले मेणबत्तीचे माप येथेही लावून पाहावे. पडद्यावरच्या पेल्यात पाणी तेवढेच चढते जेवढे रचणाऱ्याने चढवले असेल. तिसरी मेणबत्ती त्याने ठेवली नसेल, तर ती कोणालाच लावता येणार नाही. सृष्टी आपल्याला चुकीचे ठरवू शकते. चित्र तसे ठरवू शकत नाही. म्हणून पडद्यावरचा प्रयोग टेबलावरच्या प्रयोगाची पूर्वतयारी म्हणून उत्तम, त्याच्या जागी म्हणून नव्हे.

२०१५ नंतर टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेची एम.आय.टी. आणि टाटा न्यास यांनी राजस्थान, मिझोराम, छत्तीसगड व तेलंगण या राज्यांत माध्यमिक शाळांसाठी एक उपक्रम चालवला. त्यात गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचे गट मोबाईलवर जोडून दिले होते. वर्गात काय घडले, काय फसले, हे शिक्षक तेथे लिहीत. आम्हांला यात होशंगाबादची मासिक बैठक नव्या वेषात दिसते. महाराष्ट्रातही जिल्हा परिषदेच्या शाळांतले कितीतरी शिक्षक कोणाच्या आदेशाची वाट न पाहता मोबाईलवर गट करून एकमेकांना प्रयोग पाठवीत असतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो अशाच धडपडीचा गौरव होय.

शासनाचे कामही मोठ्या प्रमाणावर झाले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. २०१९ च्या ऑगस्टात 'निष्ठा' ही योजना ४२ लाख शिक्षकांना समोरासमोर प्रशिक्षण देण्याच्या उद्देशाने निघाली. २०२० साली महामारीने शाळा बंद पडल्या, तेव्हा त्या ऑक्टोबरापासून तिचे पाठ दीक्षेवर आले. संकटात शिक्षण चालू राहिले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण शिक्षकाने घरी एकट्याने चित्रफीत पाहायची, खालच्या प्रश्नांच्या चार पर्यायांतून एक निवडायचा आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, एवढ्यावरच जर काम भागू लागले, तर आपण १९७५ च्याही मागे गेलो, असे खेदाने म्हणावे लागेल. तेव्हा निदान गावात मार्गदर्शक होता, समोर सामान होते, शेजारी दुसरा शिक्षक होता. आता तार दुहेरी असून आपण ती एकेरी वापरायची, हे म्हणजे घरात विहीर असून टँकरची वाट पाहण्यासारखे झाले.

कोणी म्हणेल, तुम्ही यंत्राला नावे ठेवता. तसे नाही. खेड्यातली एखादी एकाकी शिक्षिका आज रात्री प्रश्न विचारून सकाळी उत्तर घेऊन वर्गात जाऊ शकते, एवढे सामर्थ्य होशंगाबादच्या कोणाही शिक्षकाच्या हाती नव्हते. आमचे म्हणणे एवढेच की, प्रशिक्षणाची किंमत ठरवताना किती शिक्षकांनी पाहिले, एवढेच मोजू नये. किती शिक्षकांनी प्रश्न विचारले, त्यांतले किती प्रश्न टेबलावर प्रयोग करून सोडवले गेले, आणि 'हे मला ठाऊक नाही, करून पाहू या' असे म्हणण्याचे धैर्य किती जणांना आले, हेही विचारावे. चुकीचे उत्तर पन्नास हजारांपर्यंत पोहोचवणे यंत्राला अवघड नाही; मेणबत्तीचा तो एकपंचमांश अजूनही कितीतरी ठिकाणी शिकवला जातो. ती चूक पकडते ती प्रश्न विचारणारी मंडळी.

यात पालकांनाही काही करता येण्याजोगे आहे. शाळेत गेलात तर संगणक किती आहेत, असे आपण विचारतो. त्याबरोबर हेही विचारावे की, विज्ञानाच्या बाई महिन्यातून एकदा इतर शाळांतल्या शिक्षकांशी बोलतात काय, आणि त्यासाठी त्यांना वेळ मिळतो काय. विचारणारे पाच-दहा पालक निघाले, तर वेळ मिळू लागेल.

आमचे व्याख्यान संपले. व्याख्यानमालेच्या रिवाजाप्रमाणे आता श्रोत्यांच्या चिठ्ठ्या येतील. टेबलावर बशी, पेला आणि तीन मेणबत्त्या आम्ही आणून ठेवल्या आहेत. आम्ही सांगितलेले ज्यांना पटले नसेल त्यांनी कृपा करून पुढे यावे.